विद्यार्थ्यांच्या ईमेल खात्यांबद्दल विद्यापीठांच्या संगणक केंद्रांना खुले पत्र

संगणक केंद्रांचे प्रमुख, प्रवेश विभागाचे अधिकारी आणि नव्या विद्यार्थ्याच्या हाती खात्याचे माहितीपत्रक देणारे सर्वजण यांस,

स. न. वि. वि.

प्रवेश पक्का झाला की विद्यार्थ्याला एक पान मिळते. त्यावर साधारण तीन ओळी असतात: तुमचा ईमेल पत्ता अमुक, पहिला पासवर्ड तमुक, लॉगिन करून पासवर्ड बदलावा. मदतकक्षाकडे येणारी बहुतेक गाऱ्हाणी या तीन ओळींत जे लिहिलेले नसते त्यातून येतात. ‘विद्यार्थी सूचना वाचतच नाहीत’ हे उत्तर सोयीचे आहे. पण जे छापलेच नाही ते कोण वाचणार? आम्ही विद्यार्थी मदतकक्षांत हेच काम करतो आणि आमची मागणी साधी आहे. खाते सुरू करण्याचा क्रम बदला, आणि त्यातले प्रत्येक पाऊल कुठे अडते यासकट त्या पानावर छापा. काही गोष्टी छापून सुटणार नाहीत, त्या तुमच्या सर्व्हरवरच दुरुस्त कराव्या लागतील. त्याही लिहितो.

आधी पत्त्याबद्दल. काही विद्यापीठे नोंदणी क्रमांकावरून पत्ता बनवतात, काही नावावरून. क्रमांक कधी बदलत नाही आणि दोघांचा एक नसतो, पण प्राध्यापकाला इनबॉक्समध्ये नुसता आकडा दिसला तर पत्र कोणाचे ते कळत नाही. नावावरून बनवला तर एकाच नावाचे चौघे निघतात, चौथ्याच्या पत्त्यात शेवटी आकडा लागतो, आणि त्याची पत्रे पहिल्याकडे जात राहतात. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले की आणखी घोळ. आमच्या मते लॉगिनसाठी क्रमांक ठेवावा आणि त्याच मेलबॉक्सला नावाचा पत्ता उपनाम (एलियस), म्हणजे त्याच पेटीचा दुसरा पत्ता, म्हणून जोडावा. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्हींच्या शैक्षणिक सेवांमध्ये हे करता येते. मात्र मग कोणत्या चौकटीत काय टाकायचे हे पानावर स्पष्ट लिहा. ‘यूजरनेम’ म्हटल्यावर निम्मे विद्यार्थी नुसता क्रमांक टाकतात, तर लॉगिन पानाला बहुतेक वेळा ॲट चिन्हापुढच्या डोमेनसकट पूर्ण पत्ता हवा असतो.

यात एक बारीक खोच आहे. साध्या जीमेल पत्त्यात नावामधला टिंब असला काय, नसला काय, पत्र एकाच ठिकाणी पोचते. विद्यापीठाच्या डोमेनवरच्या गूगल खात्यात तसे नसते. तिथे टिंब गाळला तर तो वेगळा पत्ता ठरतो आणि पत्र परत येते. घरच्या जीमेलची सवय असलेला विद्यार्थी टिंब गाळून पत्ता सांगतो, आणि इंटर्नशिपचे पत्र मिळालेच नाही म्हणून मदतकक्षात येतो. ही ओळ पानावर हवी.

नावाच्या रकान्याचाही विचार करा. तुमच्या प्रणालीत आडनाव सक्तीचे असेल, तर ज्यांना एकच नाव आहे त्यांच्या आडनावाच्या जागी प्रवेश विभागातला कारकून टिंब किंवा ‘लागू नाही’ असे टाकून मोकळा होतो. मग पुढची चार वर्षे त्या विद्यार्थ्याचे प्रत्येक पत्र त्याच नावाने जाते. दिसणारे नाव विद्यार्थ्याला स्वतः दुरुस्त करता येत नसेल, तर ते कोणाकडे आणि कोणत्या कागदावर बदलून मिळेल हे आधीच सांगा.

आता पहिला पासवर्ड. जन्मतारीख हा पासवर्ड देणे कृपया आजच बंद करा. एका वर्गातले विद्यार्थी वयाने फार तर तीन वर्षांच्या अंतरातले असतात, म्हणजे शक्य तारखा जेमतेम अकराशे. त्यातही वाढदिवस मित्रांना ठाऊकच असतो. विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात लॉगिन केले नाही, तर ते खाते दुसऱ्या कोणीही उघडू शकते, आणि आत शिरणारा स्वतःच पासवर्ड बदलतो. यापेक्षा एकदाच चालणारी लिंक पाठवा. ती कुठे पाठवायची, हा खरा प्रश्न. काही ठिकाणी ती नव्या विद्यापीठाच्या पत्त्यावरच जाते, म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच! प्रवेश अर्जावरच्या खासगी पत्त्यावर पाठवावी, तर अर्ज दुसऱ्याने भरून दिलेला असतो आणि पत्ता त्याचा असतो. म्हणून प्रवेश पक्का करतानाच विद्यार्थ्याकडून खासगी ईमेल आणि मोबाईल क्रमांक पुन्हा विचारून घ्या, दोन्हींवर कोड पाठवून तपासा, आणि मगच लिंक सोडा. मुदत 24 तासांची ठेवली तर ज्याच्याकडे रोज इंटरनेट नाही तो अडकतो. सात दिवस ठेवा, आणि मुदत संपल्यावर नवी लिंक स्वतः मागवता येईल अशी सोय द्या.

तात्पुरता पासवर्ड द्यावाच लागला, तर त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल अशा जोड्या नकोत. पीडीएफमधून कॉपी करताना शेवटी रिकामी जागा चिकटून येते आणि पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ ठरतो. पाच-दहा वेळा तसे झाले की खाते कुलूपबंद. ‘पासवर्ड हाताने टाइप करा’ एवढे लिहिले तरी यातला बराच त्रास जाईल.

पहिले लॉगिन मेल ॲपमधून करायला सांगू नका. पासवर्ड बदलणे, अटी मान्य करणे आणि दुसऱ्या टप्प्याची (पासवर्डनंतर फोनवर मिळणाऱ्या कोडची) नोंदणी ही तीन पाने एकामागून एक येतात. ॲपच्या आतल्या छोट्या खिडकीतून विद्यार्थी कोड बघायला मेसेजमध्ये जातो, परत येतो तोवर खिडकी बंद झालेली असते, आणि सगळे पहिल्यापासून. त्यातच पासवर्ड बदलला गेला की नाही हे त्याला कळत नाही; जुना टाकावा की नवा, या घोळात खाते बंद होते. हे काम ब्राउझरमध्ये करावे, शक्यतो संगणकावर, आणि कोड येणारा फोन हाताशी ठेवून. फोनशिवाय दुसरे साधन नसेल तर ब्राउझरचे पान उघडे ठेवून कोड वरच्या सूचनापट्टीतूनच वाचावा.

त्यात अनेक ठिकाणी लॉगिन दोन पानांचे असते. विद्यार्थी गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर पत्ता टाकतो आणि तिथून तो तुमच्या स्वतःच्या लॉगिन पानावर ढकलला जातो. रंग वेगळे, चिन्ह वेगळे. सावध विद्यार्थ्याला ही फसवणूक वाटते आणि तो तिथेच थांबतो. बेसावध विद्यार्थी कुठल्याही पानावर पासवर्ड टाकायला शिकतो. तुमच्या लॉगिन पानाचा नेमका पत्ता माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापा आणि खाली लिहा, की ब्राउझरच्या पट्टीत हे डोमेन दिसत नसेल तर पासवर्ड टाकू नये. त्या पानाचे चित्रही द्या, पण ते दरवर्षी ताजे करा. दोन वर्षांपूर्वीचे चित्र असण्यापेक्षा नसलेले बरे.

लॉगिन झाले तरी इनबॉक्स उघडेलच असे नाही. खाते तयार होणे आणि त्याला मेल सेवेचा परवाना लागू होऊन मेलबॉक्स बनणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तोवर ‘या खात्याला मेलबॉक्स नाही’ अशा अर्थाचा निरोप दिसतो. विद्यार्थी मग पासवर्ड तीनदा बदलून पाहतो. ‘असा निरोप आला तर दुसऱ्या दिवशी पाहा, काही बदलू नका’ हे वाक्य छापायला काय लागते?

दोन टप्प्यांच्या पडताळणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री खाते बंद पडायचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. पडताळणी हवीच, याबद्दल वाद नाही. पण नोंदणी करताना एकच साधन घेऊन तुम्ही विद्यार्थ्याला पुढे जाऊ देता आणि तो फोन हरवला, फुटला किंवा विकला की दार बंद. दोन साधने नोंदवल्याशिवाय पान पुढे सरकू नये अशी सेटिंग ठेवा. पहिले ऑथेंटिकेटर ॲप (फोनवर लॉगिनचे कोड दाखवणारे), दुसरे फोन क्रमांक किंवा हार्डवेअर की (संगणकाला जोडायची छोटी किल्ली). एसएमएस एकटा पुरेसा नाही. सिम बदलले, परदेशी गेले, रेंज नसली की तो येत नाही, आणि दुसऱ्याने तुमच्या नावे सिम काढले तर तो त्याच्याकडे जातो.

ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड क्यूआर कोडमधून मिळालेली गुप्त किल्ली आणि फोनवरची वेळ यांवरून दर 30 सेकंदांनी नव्याने काढला जातो. त्याला इंटरनेट लागत नाही, पण घड्याळ बरोबर लागते. ज्याने फोनची वेळ हाताने लावली आहे, त्याचा प्रत्येक कोड चुकीचा ठरतो आणि ॲप बिघडले असे त्याला वाटते. उपाय एकच: फोनच्या सेटिंगमध्ये वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू करणे. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवू नये हेही सांगा, कारण तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या फोनवर तेच कोड दिसू लागतील.

कोडऐवजी नुसते ‘मान्य’ दाबायची पद्धत अजून कुठे चालू असेल तर ती काढा. पासवर्ड चोरणारा रात्री दोन वाजता वीस वेळा विनंती पाठवतो, झोपेतला विद्यार्थी एकदा ‘मान्य’ दाबतो आणि संपले. मायक्रोसॉफ्टने मे 2023 पासून आपल्या ॲपमध्ये पडद्यावरचा आकडा फोनवर टाकणे सक्तीचे केले, ते याच कारणाने.

नवा फोन घेतल्यावरचे प्रकरण वेगळेच. मायक्रोसॉफ्टच्या ॲपचा बॅकअप परत घेतला की खात्याचे नाव यादीत दिसते, पण विद्यापीठाच्या खात्यासाठी पुन्हा लॉगिन करावे लागते. नाव दिसले म्हणून विद्यार्थी जुना फोन पुसून टाकतो. क्रम असा हवा: जुना फोन चालू असताना नव्या फोनवर खाते जोडा, एकदा लॉगिन करून पाहा, मग जुना काढा. गूगलच्या खात्यात दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून घरी ठेवावेत. त्याच मेलबॉक्समध्ये मसुदा म्हणून ठेवणारेही असतात, त्याचा काही उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टच्या संस्थात्मक खात्यात असे कोड नसतात, तिथे प्रशासकाने तात्पुरता प्रवेश-पास द्यायचा असतो. तो देण्याचा अधिकार केंद्रातल्या एकाच माणसाकडे असेल आणि तो रजेवर असेल, तर मदतकक्षातल्या माणसाच्या हाती ‘सोमवारी या’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. ओळखपत्र पाहून पास देण्याचा अधिकार मदतकक्षाला द्या. ओळखपत्र मात्र पाहाच; फोनवर रडणाऱ्या प्रत्येक आवाजाला पास दिला तर वरची सगळी तटबंदी फुकट. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला हार्डवेअर की उसनी द्या. असे विद्यार्थी थोडे असतात, पण असतात.

पासवर्डची मुदत दर 90 दिवसांनी संपवणेही सोडा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच म्हटले आहे, की ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये. तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच लावावा. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह अशा अटींपेक्षा लांबी महत्त्वाची. सक्तीने बदलायला लावले की विद्यार्थी शेवटचा आकडा एकाने वाढवतो, दुसरे काय करणार?

पासवर्ड बदलल्यावर जे होते ते तर कुठल्याच माहितीपत्रकात दिसत नाही. विद्यापीठाचे वायफाय, विशेषतः एड्युरोम हे अनेक विद्यापीठांतले सामाईक वायफाय, याच खात्याच्या पासवर्डवर चालते. पासवर्ड संगणकावर बदलला, पण खिशातल्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जुनाच साठवलेला आहे. विद्यार्थी आवारात शिरताच फोन आपसूक जुना पासवर्ड पाठवू लागतो, एकदा, दोनदा, दहादा, आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ओलांडून खाते कुलूपबंद होते. मदतकक्ष कुलूप काढतो, पाच मिनिटांत पुन्हा लागते. विद्यार्थी म्हणतो खाते हॅक झाले. खरा गुन्हेगार त्याच्या खिशात, नाहीतर वसतिगृहाच्या खोलीत विसरलेल्या टॅबमध्ये असतो. पासवर्ड बदलण्याच्या पानावरच लिहा: आधी प्रत्येक उपकरणावर विद्यापीठाचे वायफाय ‘विसरा’ करा, मग पासवर्ड बदला, मग पुन्हा जोडा. तुमच्या बाजूने, वायफायवरून आलेले चुकीचे प्रयत्न मेलच्या कुलपाशी न जोडता वेगळे मोजता येत असतील तर तसे करा.

दुसरी नित्याची तक्रार: ‘सरांनी दिलेला फॉर्म उघडत नाही, परवानगी हवी म्हणतो.’ ब्राउझरमध्ये खासगी खाते आधीपासून चालू असते आणि लिंक त्याच खात्यातून उघडते. विद्यार्थी परवानगी मागण्याचे बटण दाबतो, प्राध्यापकाला खासगी पत्त्यावरून विनंती जाते, ते ती ओळखत नाहीत, आणि मुदत टळते. खाती आलटून पालटून वापरण्यापेक्षा विद्यापीठासाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल बनवावे: वेगळी खिडकी, वेगळे बुकमार्क, वेगळे लॉगिन. दोन मिनिटांचे काम आहे. ते कसे करायचे याच्या चार ओळी पानावर द्या. ग्रंथालयातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या संगणकावर मात्र प्रोफाइल बनवू नये. तिथे खासगी खिडकी उघडावी आणि काम झाल्यावर सगळ्या खासगी खिडक्या बंद कराव्यात.

आता फॉरवर्डिंग. ‘दोन इनबॉक्स कोण बघणार’ म्हणून विद्यार्थी सगळी पत्रे खासगी पत्त्यावर वळवतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणे मुळातच बंद असते. विद्यार्थ्याने सेटिंग लावली तरी पत्रे पुढे जात नाहीत आणि 5.7.520 या क्रमांकाचा नकार येतो. हे तुम्हाला ठाऊक असते, त्याला नसते. जिथे फॉरवर्डिंग चालू आहे तिथे वेगळी अडचण. पत्र कोणत्या सर्व्हरवरून आले हे पाहणारी एसपीएफ तपासणी फॉरवर्ड झालेल्या पत्रावर सहसा फसते, कारण शेवटचा सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याचा नसून तुमचा असतो. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने पत्रावर केलेली डिजिटल सही, म्हणजे डीकेआयएमची सही, शाबूत राहिली तर पत्र तरते. वाटेत तुमच्या प्रणालीने विषयात ‘बाहेरून आलेले’ असा शिक्का किंवा तळाशी सूचना जोडली तर तीही मोडते. मग या तपासण्या फसल्या तर पत्राचे काय करायचे हे सांगणारे डीमार्क धोरण कडक असलेल्या संस्थेचे पत्र, म्हणजे नेमके बँकेचे किंवा शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचे, स्पॅममध्ये जाते किंवा नाकारले जाते. जाहिराती मात्र बिनबोभाट पोचतात.

शिवाय उत्तर खासगी पत्त्यावरून जाते. प्राध्यापकाला नोंदणीतला पत्ता दिसत नाही, गुणांसारखी माहिती त्या पत्त्यावर द्यावी की नाही असा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो रास्त आहे. म्हणून विद्यार्थ्याला फॉरवर्डिंगऐवजी फोनच्या मेल ॲपमध्ये दुसरे खाते म्हणून हा पत्ता जोडायला शिकवा. सूचना दोन्हींच्या येतात, उत्तर मात्र ज्या खात्यात पत्र आले त्यातूनच जाते.

खाते जोडण्याच्या तुमच्या जुन्या सूचना एकदा उघडून पाहा. ‘कमी सुरक्षित ॲप्सना परवानगी द्या’ आणि पुढे आयमॅपचे (ॲपने सर्व्हरवरची पत्रे वाचण्याची पद्धत) पोर्ट 993, पासवर्ड टाका, असे अजून लिहिलेले असेल तर ते पान काढून टाका. नुसत्या पासवर्डवर चालणारी आयमॅप जोडणी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022 पासून बंद करायला घेतली, आणि गूगलनेही 2025 मध्ये संस्थात्मक खात्यांसाठी तो मार्ग बंद केला. आता मेल ॲपने ब्राउझरचे लॉगिन पान उघडले पाहिजे. थेट पासवर्डची चौकट दाखवणारे जुने ॲप कितीही वेळा बरोबर पासवर्ड दिला तरी ‘चुकीचा’च म्हणेल. आणखी एक: काही फोनांच्या मूळ मेल ॲपमध्ये खाते ‘एक्स्चेंज’ (मायक्रोसॉफ्टची मेल व्यवस्था) म्हणून जोडले की फोन पुसण्याचे अधिकार संस्थेला देण्याची परवानगी मागितली जाते. ते वाचून विद्यार्थी घाबरतो, आणि घाबरावे असेच ते आहे. ते अधिकार तुम्हाला खरेच हवेत का ते ठरवा. नको असतील तर धोरणातून काढा. हवे असतील तर का, ते लिहा.

पत्रे न पोचण्यात तुमचा स्वतःचा वाटाही आहे. परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृह हे सगळे आपापल्या बाहेरच्या सेवेतून विद्यापीठाच्या नावाने सामुदायिक पत्रे पाठवतात, आणि त्या सेवा तुमच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे तुमच्या नावाने पत्रे पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत, नसतात. नोंदीत भरत गेलात तर एका तपासणीत दहाच डीएनएस (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नोंदवही) विचारणांची मर्यादा आहे. अकरावी झाली की सगळी नोंदच निकामी. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले आहेत. गूगलच्या बाबतीत ही संख्या दिवसाला 5000. प्रवेशाच्या दिवसांत विद्यापीठ ती सहज गाठते, आणि अजून खासगी जीमेल वापरणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला तुमची खाते-लिंक स्पॅममध्ये सापडते. प्रत्येक विभागाला वेगळे उपडोमेन द्या आणि प्रत्येक सेवेला डीकेआयएमची सही करायला लावा. मायक्रोसॉफ्ट वापरत असाल तर जंक फोल्डरपलीकडे क्वारंटाइन म्हणून वेगळी जागा असते आणि तिथे अडकलेले पत्र जंकमध्ये दिसत नाही, हेही विद्यार्थ्याला कळू द्या.

अटॅचमेंटची मर्यादा 25 एमबी असे छापता, तेही अर्धवट. ईमेलमधून जाताना फाइल मजकुराच्या रूपात बदलते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. एकूण संदेशाची मर्यादा 25 एमबी असेल तर 18 एमबीच्या आसपासची फाइलच निभावते. प्रकल्प अहवाल लिंकने पाठवायला सांगा आणि लिंक ‘विद्यापीठातील कोणालाही’ उघडेल अशी करायला शिकवा. नाहीतर पुन्हा परवानगीचे रडगाणे.

खाते चोरीला गेल्यावर मदतकक्ष पासवर्ड बदलून देतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. मिटलेले नसते. आत शिरलेला माणूस बहुधा मेलबॉक्समध्ये नियम लावून ठेवतो: ‘हॅक’, ‘फसवणूक’ असे शब्द असलेली पत्रे थेट कचऱ्यात किंवा सहसा न उघडल्या जाणाऱ्या आरएसएस फोल्डरमध्ये जावीत. त्यामुळे ‘तुझ्या नावाने नोकरीचे बनावट पत्र आले’ असे मित्रांनी कळवले तरी विद्यार्थ्याला ते दिसत नाही. पासवर्ड बदलल्यावर सगळी चालू लॉगिन तोडा, मेलबॉक्सचे नियम आणि फॉरवर्डिंग पाहा, पडताळणीत अनोळखी फोन जोडलेला आहे का ते पाहा, आणि बाहेरच्या कोणत्या ॲपला खाते वाचण्याची परवानगी दिली आहे तेही पाहा. ही परवानगी पासवर्ड बदलूनही टिकू शकते, म्हणून ती शेवटची तपासणी टाळू नका. आणि तुमची स्वतःची पत्रे ‘तातडीने येथे क्लिक करा, अन्यथा खाते बंद’ अशा भाषेत लिहू नका. चोरांची भाषा संस्थेनेच वापरली तर विद्यार्थ्याने फरक ओळखायचा कसा?

हे खाते विद्यापीठाचे आहे आणि काही प्रसंगी प्रशासक त्यातला मजकूर पाहू शकतो, ही गोष्ट अटींच्या जंजाळात न लपवता पहिल्याच पानावर एका ओळीत लिहा. कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या लेखी परवानगीने, तेही.

जागेबद्दलही प्रामाणिकपणे सांगा. ‘अमर्याद साठवण’ हे दिवस गेले. गूगलने 2022 पासून आणि मायक्रोसॉफ्टने 2024 पासून मोफत शैक्षणिक योजनेत सगळ्या संस्थेला मिळून 100 टीबी जागा ठेवली आहे. 50,000 खाती असतील तर माणशी 2 जीबी. जुन्या खात्यांतल्या व्याख्यानांच्या चित्रफिती आधी हलवा, मग नव्या विद्यार्थ्यावर कोटा लावा, आणि तो भरत आला की 80 टक्क्यांवर सूचना जाऊ द्या. पेटी भरून पत्रे परत जाऊ लागल्यावर कळवून काही उपयोग नाही.

शेवटी खाते बंद होण्याबद्दल. पदवीनंतर खाते किती दिवस चालेल हे बहुतेक विद्यार्थ्यांना ते बंद झाल्यावरच समजते. तारीख पहिल्या दिवशी सांगा. नंतर सहा महिने, एक महिना आणि एक आठवडा आधी, विद्यापीठाच्या आणि खासगी अशा दोन्ही पत्त्यांवर आठवण पाठवा. गूगलच्या शैक्षणिक खात्यातून मेल आणि ड्राइव्हमधला मजकूर थेट खासगी खात्यात उतरवण्याची सोय आहे, पण प्रशासकाने ती चालू ठेवायला हवी. तिला काही तासांपासून आठवडाभरापर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून शेवटच्या रात्री करायचे ते काम नाही. खासगी खात्यात तेवढी जागा मोकळी आहे का, हेही आधी पाहावे लागते. दुसऱ्यांनी सामायिक केलेल्या फाइली अशा उतरत नाहीत. त्यांची प्रत स्वतःच्या नावाने आधी करून घ्यावी.

शोधनिबंधांवर, ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ओळखनोंदीवर, सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी परवान्यांवर, प्रोग्रामच्या कोडच्या ऑनलाइन साठ्यांवर हाच पत्ता दिलेला असतो. खाते गेले की तिथला ‘पासवर्ड विसरलो’ मार्गही जातो. अशा प्रत्येक ठिकाणी खासगी पत्ता दुसरा म्हणून पहिल्यापासून जोडायला सांगा. बँक, मोबाईल कंपनी आणि सरकारी कामासाठी मात्र हा पत्ता देऊच नये.

चुकून खाते उडाले तर किती दिवसांत परत आणता येते ते मदतकक्षाला माहीत असू द्या: गूगलमध्ये 20 दिवस, मायक्रोसॉफ्टमध्ये 30. निकाल राखीव असलेल्या किंवा पुनर्परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव बंद करायच्या यादीत येऊ नये म्हणून ती यादी परीक्षा विभागाकडून तपासून घ्या, नुसत्या प्रवेश वर्षावरून काढू नका.

आणि मोकळा झालेला पत्ता त्याच नावाच्या नव्या विद्यार्थ्याला देऊ नका. जुन्या माणसाने कुठे कुठे तो पत्ता दिला होता हे कोणालाच ठाऊक नसते. त्याचे पासवर्ड बदलण्याचे कोड, वैद्यकीय अहवाल, शिफारसपत्रांची उत्तरे नव्या विद्यार्थ्याच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतील. पत्ता कायमचा गोठवा. त्यावर येणाऱ्या पत्राला वर्षभर ‘हा पत्ता आता वापरात नाही’ एवढे उत्तर जाऊ द्या, आणि नंतर ते सरळ परत फिरू द्या.

कळावे,

विद्यार्थी मदतकक्षांत काम करणारे आम्ही काहीजण